देवळाचा कळस आणि सरपंचाची खुर्ची

मागच्या अंकात मी ओघात लिहून गेले होते, की नोकरीत मला लबाड सरपंच भेटले ते बहुतेक देवभोळे होते आणि प्रामाणिक भेटले तेही देवभोळेच होते, त्यामुळे कपाळावरच्या गंधावरून मी काही ठरवत नाही. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काही रागाची आहेत, काही लांबलचक आहेत, एकात तर मला काल्याच्या कीर्तनाचं आमंत्रण आहे. ते मी घेतलं आहे.

नवीन वाचकांसाठी सांगते. मी ग्रामसेविका म्हणून लागले, पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले. तेहतीस वर्षं. वडील कीर्तन करायचे, माझ्या गळ्यात माळ आहे. उत्तरं वाचताना हे ध्यानात असू द्या, म्हणजे माझं झुकतं माप कुठे पडतंय ते तुमचं तुम्हाला कळेल.

प्रश्न : ताई, आमच्या गावचं सरपंचपद या वेळी महिलेसाठी राखीव आहे. मागच्या महिन्यात देवळात बैठक झाली. ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार पैशाअभावी अर्धा राहिलाय. मंदिराला जो सर्वात जास्त देणगी देईल त्याच्या घरातली बाई बिनविरोध सरपंच, असं ठरलं. बोली लागली आणि अठरा लाखांवर थांबली. बैठकीत एकही बाई नव्हती. माझं बी.एड. झालंय, मला अर्ज भरायचा आहे. सासरे म्हणतात, देवाच्या कामात आडवी येऊ नकोस, पाप लागेल. खरंच हे पाप आहे का?
(एक वाचक, मराठवाडा)

उत्तर : अर्ज भर. बाकीचं सगळं त्यानंतर वाच.

तुमच्या गावाने काही नवा शोध लावलेला नाही. जानेवारी २०२१च्या ग्रामपंचायत निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीत हेच झालं होतं. मंदिराच्या कामासाठी म्हणून बोली. उमराण्याची बोली दोन कोटी पाच लाखांपर्यंत गेल्याच्या बातम्या होत्या. लिलावाचे व्हिडिओ बाहेर आले, राज्य निवडणूक आयोगाने अहवाल मागवले आणि मतदान तोंडावर असताना दोन्ही गावांची निवडणूकच रद्द केली. तेव्हा कुणी म्हणालं की गावात सगळ्यांची संमती आहे, कुणाची तक्रार नाही, तर हे उदाहरण सांग. संमती तिथेही होती.

आता हिशेबाचं. सरपंचाचं मानधन महिन्याला काही हजार रुपये. पाच वर्षांचं सगळं मानधन एकत्र केलं तरी अठरा लाखांच्या जवळपास जात नाही. मग हा माणूस अठरा लाख का देतोय? तुझ्या सासऱ्यांना हे विचार, पण भांडायला म्हणून नको, शेतीचा हिशेब विचारावा तसं विचार. बियाण्याला अठरा लाख घातले तर पीक कुठून काढणार? वित्त आयोगाच्या निधीतून, पाणीपुरवठ्याच्या बिलातून, गटाराच्या जाडीतून. मी अशा गटारांवर उभी राहिलेली आहे. चार इंचाचं काँक्रीट कागदावर, पायाखाली दीड. ते गटार फुटतं तेव्हा पाणी देवळात शिरत नाही, देऊळ उंचावर असतं. ते शिरतं खालच्या आळीत. म्हणजे कळसाचे पैसे शेवटी कोण भरणार, हे मी सांगायला नको.

पापाबद्दल विचारलंस. माझे वडील म्हणायचे, देवाला काही द्यायचं असेल तर ते आपलं असावं लागतं. सरपंचपद त्या अठरा लाखवाल्याचं नव्हतं, बैठकीतल्या चाळीस पुरुषांचंही नव्हतं. ते मतदार यादीतल्या प्रत्येकाचं होतं, तुझंही. तुझी वस्तू तुला न विचारता विकली आणि पैसे देवापुढे ठेवले. यात पाप शोधायचंच असेल तर तुझ्या बाजूला सापडणार नाही.

आणि हे फक्त माझ्यासारख्या सरकारी बाईचं म्हणणं समजू नकोस. सोमनाथाच्या मंदिराची पुनर्बांधणी ठरली तेव्हा, नोव्हेंबर १९४७मध्ये, गांधीजींनी प्रार्थनासभेत सांगितलं होतं की पैसा सरकारी तिजोरीतून जाऊ नये, लोकांनी द्यावा. त्या माणसाइतका रोज देवाचं नाव घेणारा नेता आपल्याकडे दुसरा झाला नाही. त्याला मंदिराचं वावडं नव्हतं. पैसा कुठून येतो एवढंच तो विचारत होता.

तुमच्या देवळाचं काम व्हायलाच हवं. पण त्याची रीत आपल्या गावांना ठाऊक आहे. विश्वस्त संस्था नोंदवा, पावतीपुस्तक छापा, घरटी वर्गणी काढा, बाहेरगावी नोकरीला असलेल्यांना फोन करा, आणि सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी जमाखर्च वाचून दाखवा. वेळ लागतो. मी सात वर्षं रखडलेला कळस पाहिलाय आणि त्या गावाच्या निवडणुका दर वेळी रीतसर झाल्या.

एक व्यवहाराचं. लेखी तक्रार करायची असेल तर तहसीलदारांकडे कर, एक प्रत राज्य निवडणूक आयोगाला पाठव आणि पोच घे. पण तक्रार करावी की नुसता अर्ज भरावा, हे तू घरातलं वारं बघून ठरव. त्याच गावात तुला नांदायचं आहे, मला नाही. दुसरा अर्ज आला की बिनविरोध संपलं. अठरा लाखांच्या बोलीला तेवढंही पुरतं.

अजून एक. ज्या बाईच्या नावाने ही बोली लागली तिला एकदा भेटून ये. माझा अंदाज असा, की तिलाही कुणी विचारलेलं नसणार.

प्रश्न : माझी आजी ७८ वर्षांची आहे. मतदानाच्या आदल्या रात्री एका पॅनलची माणसं घरी आली. तिच्या हातावर भंडारा आणि बेलाचं पान ठेवलं, पाचशेच्या दोन नोटा दिल्या आणि आमच्याच चिन्हावर शिक्का मारीन अशी शपथ घ्यायला लावली. आजीने मत मात्र तिला हवं त्यालाच दिलं. त्यानंतर आठ दिवसांनी माझ्या धाकट्या भावाला ताप आला. आजी जेवत नाही. म्हणते, माझ्यामुळे झालं, मी खंडोबाला फसवलं. तिला काय सांगू?
(एक वाचक, पुणे जिल्हा)

उत्तर : आधी भावाला डॉक्टरकडे ने. रक्त तपासून घे. पावसाळ्यात ताप बेलभंडाऱ्याशिवायही येतो.

आता आजी. तिला कायदा सांगू नकोस. कायदा तुझ्यासाठी आहे. देवाचा कोप होईल असं भासवून मत फिरवणं हा निवडणुकीतला गुन्हा आहे, आणि त्यासाठी पैसे देणं हा वेगळा. आजीला हे सांगितलंस तर ती आणखी घाबरेल, कारण नोटा तिने घेतल्यात.

तिला दुसरं काहीतरी सांगावं लागेल, आणि ते तिच्याच भाषेत. मी नोकरीत नवीन असताना असंच एक प्रकरण वडिलांपुढे आलं होतं. एक म्हातारा रडत आला, भंडारा उचलला होता म्हणून. वडिलांनी त्याला विचारलं, ‘भंडारा तू उचललास की तुझ्या हातावर ठेवला?’ तो म्हणाला, ठेवला. ‘मग ठेवणाऱ्याची शपथ झाली, तुझी कशी? खंडोबा काय त्यांचा घरगडी आहे, रात्री बोलावलं की साक्षीला यायला?’ म्हातारा पहिल्यांदा हसला. मग वडील त्याला घेऊन देवळात गेले, त्याच्या हाताने भंडारा उधळायला लावला आणि मोठ्याने म्हणायला लावलं की देवा, माझ्या तोंडून दुसऱ्याचं बोलणं वदवून घेतलं, ते मी परत करतो. शास्त्रात हा विधी कुठे असेल असं वाटत नाही. वडिलांनी तिथल्या तिथे काढला असावा. म्हातारा त्या रात्री जेवला.

आजीला तसंच घेऊन जा. हजार रुपयांचं काय करायचं ते तिलाच ठरवू दे. कुणाला तरी द्यावेसे वाटतील तिला. देऊ दे.

ज्यांनी हे केलं त्यांच्याबद्दल मला जास्त राग आहे, म्हणून दोन ओळी. हे लोक नास्तिक नसतात, हे मी खात्रीने सांगते. निवडून आल्यावर तेच जेजुरीला जातात. त्यांची श्रद्धा खोटी असते असंही मी म्हणणार नाही. पण देवाची भीती त्यांनी स्वतःच्या वागण्याला कधी लावलेली नसते. ती गरिबाच्या हातावर ठेवण्यापुरती डबीत भरून फिरवायची असते. नोटा वाटताना यांचा हात थरथरत नाही, आणि मत देताना आजीचा थरथरतो. यातलं श्रद्धाळू कोण, हे गावाला कळतं. मतपेटीत का उतरत नाही, हे मला तेहतीस वर्षांत कळलेलं नाही.

प्रश्न : बाई, तुम्ही स्वतः माळकरी आहात. मग लोकप्रतिनिधींच्या निधीतून देवळापुढे सभामंडप झाला तर तुमच्यासारख्या अधिकाऱ्यांच्या पोटात का दुखतं? तिथे सप्ताह होतो, लग्नं होतात, म्हातारी माणसं सावलीला बसतात. हा विकास नाही का?
(निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा)

उत्तर : गुरुजी, पोटात दुखतं, कारण असा एक कागद माझ्या सहीचा आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गाव सांगत नाही. अंदाजपत्रकात कामाचं नाव होतं ‘सामाजिक सभागृह बांधणे’. जागेवर गेले तर सभागृहाचा एक खांब देवळाच्या ओट्यात आणि मागची भिंत म्हणजे गाभाऱ्याची भिंत. ‘सभामंडप’ लिहिलं तर मंजुरी अडते, ‘सामाजिक सभागृह’ लिहिलं की सुटते, हे आमच्या खात्यात शिपायालाही माहीत होतं. खासदार निधीच्या मार्गदर्शक सूचनांत तर स्पष्टच आहे, की प्रार्थनास्थळाच्या आत किंवा धार्मिक संस्थेच्या जागेवर काम घेता येत नाही. तरी नाव बदलून कामं होत राहतात. मी लिहिलं, ‘काम समक्ष पाहिले, अंदाजपत्रकाप्रमाणे आहे.’ होतंही तसंच. पत्रे, फरशी, खांबांची जाडी, सगळं चोख. फक्त नाव खोटं होतं. त्या दिवशी एकादशी होती, मला आठवतंय, कारण कंत्राटदाराने माझ्यासाठी मुद्दाम शाबूदाण्याची खिचडी आणवली होती. मी ती खाल्ली.

तीन वर्षांनी जूनमध्ये तिथल्या बौद्धवाड्यातल्या एका मुलीचं लग्न. मांडव घातला आणि पाऊस कोसळला. मुलीचे वडील सभागृह मागायला गेले. उत्तर मिळालं, ‘ते देवळाचं आहे.’ लग्न शाळेच्या व्हरांड्यात लागलं. आठवड्याने ते गृहस्थ पंचायत समितीत आले. आरडाओरडा नाही, काही नाही. मालमत्ता नोंदवही मागितली, त्यातली नोंद बोटाने दाखवली आणि म्हणाले, ‘बाई, हे देवळाचं असेल तर सरकारचा पैसा कसा लागला? आणि सरकारच्या पैशाचं असेल तर आम्हाला ना कसं म्हणाले?’

यावर मी काय बोलणार? ग्रामपंचायतीला पत्र काढलं, सभागृहावर ‘ग्रामपंचायत मालकीचे, सर्वांसाठी खुले’ असा फलक लावून घेतला, भाड्याचा दर लिहून घेतला. पण लग्न होऊन गेलं होतं.

गुरुजी, राज्यघटनेच्या कलम २७चा अर्थ मी नोकरीच्या परीक्षेसाठी पाठ केला होता. एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठी म्हणून कुणावर कर लादता येत नाही, असं ते सांगतं. तो मला समजला त्या दिवशी, त्या नोंदवहीवरच्या बोटामुळे.

तुमच्या प्रश्नातला खरा भाग मी नाकारत नाही. देऊळ ही गावातली सर्वात जास्त वापरातली जागा असते आणि तिचा उपयोग विकासाला होतो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा संध्याकाळी सातला वाजतो आणि घरोघरचे टीव्ही, मोबाइल दीड तास बंद होतात, पोरं अभ्यासाला बसतात. हे उदाहरण मला फार आवडतं. यात सरकारचा पैसा देवळात जात नाही. देवळाचा आवाज गावाच्या कामी येतो, बौद्धवाड्यातल्या पोरालाही तेवढाच ऐकू जातो.

आणि गाडगेबाबा आठवा. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे त्यांनी लोकांच्या पैशातून बांधलं काय, तर धर्मशाळा. स्वतः खराटा घेऊन झोपडीत राहिले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. त्याच पंढरपुरात त्याआधी दोनच वर्षं, मे १९४७मध्ये, विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं होतं. दोघेही श्रद्धेची माणसं. दोघांच्याही मनात पहिला प्रश्न हाच असावा, की दाराबाहेर कोण उभं आहे. माझी सही करताना तो माझ्या मनात आला नाही.

प्रश्न : आम्ही दहा-बारा तरुणांनी गावात दारूबंदी करायचं ठरवलंय. सगळ्यांना देवळात शपथ द्यायची आणि जो मोडेल त्याच्या घराशी गावाने व्यवहार बंद करायचा, असा ग्रामसभेचा ठराव घेणार आहोत. राळेगणलाही देवळातूनच सुरुवात झाली होती ना? ठरावाचा मसुदा सोबत जोडलाय.
(एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : मसुदा वाचला. अक्षर सुंदर आहे. तिसरं कलम फाडून टाका, नाहीतर तुमच्यापैकी सूचक आणि अनुमोदक दोघेही तुरुंगात जातील.

थट्टा नाही. महाराष्ट्रात २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. एखाद्या कुटुंबाशी व्यवहार तोडायला लावणं, त्याला पाण्यावर, दुकानात, सणात, मयतीला एकटं पाडणं, हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘चांगल्या कामासाठी केलं’ ही पळवाट त्यात नाही.

राळेगणचं म्हणाल तर ते अर्धं सांगू नका. अण्णा हजारे सैन्यातून १९७५मध्ये गावी परतले आणि पडझड झालेलं यादवबाबांचं देऊळ आधी स्वतःच्या पैशातून दुरुस्त केलं. लोक देवळात जमू लागले, तिथे दारू सोडायची शपथ झाली, पुढे पाणलोटाची कामं झाली. मला यातलं ‘स्वतःच्या पैशातून’ फार मोलाचं वाटतं. गावाने त्यांचं ऐकलं त्याची सुरुवात तिथे आहे. पण त्याच देवळापुढे दारू पिऊन आलेल्यांना खांबाला बांधून पट्ट्याने मारलं जायचं, हेही सगळ्यांना माहीत आहे आणि अण्णांनी ते कधी लपवलं नाही. अनेक जण ते कौतुकाने सांगतात. मी नाही सांगत. मार खाल्लेल्या माणसाची बायकोपोरं त्याच गर्दीत उभी असतील, एवढंच माझ्या डोळ्यापुढे येतं. आणि ज्या देवापुढे बांधलं त्या देवाकडे तो माणूस पुन्हा कुठल्या तोंडाने बघणार? तुम्ही म्हणाल, साने गुरुजींचं उपोषण हाही दबावच होता. होता. पण पोट त्यांचं स्वतःचं उपाशी होतं.

तुम्ही काय करावं? गावात परवान्याचं दुकान असेल तर ‘आडव्या बाटली’चा रस्ता आहे. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान लागतं, आणि एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. ‘एकूण’ हा शब्द नीट वाचा. जी मतदानाला आली नाही ती उभ्या बाटलीच्या खात्यात गेली असं समजा. म्हणून ऊसतोडीच्या हंगामात मतदान येऊ देऊ नका. एका गावात जेवढी मतं कमी पडली नेमक्या तेवढ्याच बायका कारखान्यावर होत्या आणि आम्ही हरलो. हातभट्टी मात्र या मार्गाने बंद होत नाही, त्यासाठी पोलिसांच्या मागे लागावं लागतं, आणि ते काम दारूबंदीच्या शपथेपेक्षा कितीतरी कंटाळवाणं आहे.

देवळातली शपथ ठेवा. पण ज्याला घ्यायची त्याने घ्यावी, पहिली तुम्ही बारा जणांनी. मसुद्याला जोडलेल्या यादीत तुमची नावं ‘देखरेख समिती’खाली आहेत, शपथ घेणाऱ्यांत एकाचंही नाही. हे मुद्दाम केलं की राहून गेलं?

दंडाशिवाय ठराव चालतो का, असं विचाराल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. शतकांची रूढी, आणि विरोधात फक्त एक ठराव. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. अशा ठरावाने सगळ्या बायकांच्या बांगड्या वाचत नाहीत. पण मयताच्या घरी एखादी बाई पुढे होऊन ‘थांबा’ म्हणाली, तर तिच्या पाठीशी गावाचा कागद असतो.

प्रश्न : मी देव मानत नाही. पॅनलवाले म्हणतात, प्रचाराचा नारळ तुझ्याच हातून फुटला पाहिजे, नाहीतर लोक मत देणार नाहीत. फोडू का?
(एक उमेदवार)

उत्तर : नारळ दुसऱ्याला फोडू द्या, तुम्ही शेजारी उभे राहा, खोबरं खा. लोकांना खोटेपणा नारळापेक्षा लवकर कळतो.

घटनासमितीने तुमची सोय करून ठेवली आहे. आमदार, खासदार, मंत्री यांना देवाच्या साक्षीने शपथ घेता येते किंवा देवाचं नाव न घेता गांभीर्याने प्रतिज्ञा करता येते. दोन्हींचं वजन सारखं. घटनेची सुरुवातच ‘ईश्वराच्या नावाने’ व्हावी, अशी दुरुस्ती हरि विष्णू कामत यांनी १७ ऑक्टोबर १९४९ला मांडली होती. देवावर मतदान करायची वेळ आमच्यावर आणू नका, अशी विनवणी पूर्णिमा बॅनर्जींनी केली. कामतांनी ऐकलं नाही. मतदान झालं आणि ४१ विरुद्ध ६८ मतांनी दुरुस्ती पडली. त्या ६८ जणांत नास्तिक किती असतील? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, असं माझं मत.

प्रश्न : खऱ्या श्रद्धेचा पुढारी ओळखायचा कसा? एका वाक्यात सांगा.
(एक वाचक, मुंबई)

उत्तर : एका वाक्यात येत नाही. एका सरपंचाची गोष्ट सांगते.

दर वर्षी वारीला जायचा, पायी. निघायच्या आदल्या दिवशी देवळाच्या भिंतीवरच्या फळ्यावर पाणीपट्टीचा जमाखर्च स्वतःच्या हाताने लिहायचा. आपण महिनाभर नसणार, वाटेत काही बरंवाईट झालं तर कुणाला हिशेब लागायला नको, असं म्हणायचा. एका वर्षी मी तपासणीला गेले होते. पहाटे दिंडी निघायची वेळ, टाळ वाजायला लागलेले. तेवढ्यात प्रौढ साक्षरता वर्गात नुकतीच आकडे शिकलेली एक म्हातारी फळ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, बेरीज चुकली. एकशेवीस रुपयांचा फरक होता. दिंडीवाले म्हणाले, आल्यावर बघू, पालखी गाठायचीय. हा माणूस पिशवी खाली ठेवून ग्रामपंचायतीत गेला, पावतीपुस्तकं काढली आणि एकेक पावती लावत बसला. चूक सापडली तेव्हा ऊन वर आलं होतं. एका घराची पावती दोनदा धरली होती.

फळा पुसून त्याने आकडा बदलला, म्हातारीला वाचायला लावला आणि एकटाच निघाला. दिंडी त्याला दुसऱ्या मुक्कामाला सापडली म्हणे.